अनोळखी व्यक्ती घरात आहे

"गेलं! परत गेलं!"

शुभदानं फोन कानापासून वीतभर लांब धरला. लातूरच्या वीज कंपनीच्या ऑफिसात, तक्रार कक्षाच्या खुर्चीवर तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. लोक दिवसभर तिच्या कानात असेच ओरडायचे. लाइट गेली, परत गेली, आत्ता आली होती आणि गेली. ओरडण्याचं तिला काही विशेष राहिलं नव्हतं. आज फरक एवढाच, की ओरडणारा तिचा नवरा होता आणि गेलं होतं ते घरातलं नेट.

"अहो, नेटची डबी बंद करून चालू केली का?"

"केली की! कितीदा करू?"

"आणि कॉम्प्युटर?"

"शुभदा, मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलंय. मला बंद-चालू करायला शिकवू नकोस."

"म्हणजे केला नाहीत."

"करतो," श्रीनिवास म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

तक्रार कक्षातल्या माणसाचा एक स्वभाव बनतो. आलेली तक्रार खरी मानायची नाही, आणि खोटीही मानायची नाही. आधी तपासायची. शुभदाचा हा स्वभाव घरातही तसाच होता, आणि त्याचा श्रीनिवासला ताप व्हायचा. "डोकं दुखतंय" म्हटलं तरी ती विचारायची, कुठल्या बाजूला, कधीपासून, चहा घेतलात का.

पण ही नेटची तक्रार तिला खरोखर कळत नव्हती. ती घरी असली की नेट ठणठणीत. सकाळी ठीक, संध्याकाळी ठीक, रविवारी तर विचारूच नका. दुपारी ती ऑफिसात असली, की घरचं नेट मान टाकायचं. आणि श्रीनिवासचा वर्ग नेमका दुपारीच.

श्रीनिवास मुरुडकर कॉलेजातून लवकर निवृत्ती घेऊन बाहेर पडला, आणि गावातल्याच एका क्लासनं त्याला घरून शिकवायला बोलावलं. नवीन शिकवणं नव्हे, शंकानिरसन. मुलं आपापल्या गावी घरात बसलेली, कुणी गडचिरोलीत, कुणी कणकवलीत, आणि सर लातूरच्या फ्लॅटमध्ये उभे राहून भिंतीवरच्या फळ्यावर गणित सोडवून दाखवायचे. फळ्यापासून कॉम्प्युटरपर्यंत जायचं, मुलाचा प्रश्न ऐकायचा, परत फळ्याकडे यायचं. श्रीनिवासला या कामात इतका आनंद होता, की कॉलेजात असताना शुभदानं तो कधी बघितला नव्हता. आता रोज मध्येच चित्र अडकायचं. मुलं ओरडायची, "सर, दिसत नाही! सर, आहात का?" क्लासचे मालक दगडे सर सुरुवातीला गोड बोलले, मग कमी गोड बोलले, आणि गेल्या आठवड्यात म्हणाले, "मुरुडकर सर, परीक्षा तोंडावर आलीय. पुढचा सोमवार शेवटचा. नाही जमलं तर आम्हाला दुसरी सोय बघावी लागेल."

दुसरी सोय म्हणजे शिकवणारं यंत्र. ते उभं राहत नाही, दमत नाही आणि त्याचं नेट जात नाही.

इथं थोडं शास्त्र सांगायला हवं. कंटाळू नका, गोष्ट त्याच्याशिवाय पुढे सरकायची नाही.

या गोष्टीच्या काळात पासवर्ड ही चीज उरलेली नव्हती. इतके चोरले गेले, इतके विसरले गेले, की लोकांनीच त्यांचा नाद सोडला. त्या जागी आली ती घरओळख. नेटच्या लहरी भिंतीतून आरपार जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण माणसातून त्या सहजी जात नाहीत. माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं, उरलेल्या इकडेतिकडे उडवतं. तुम्ही खोलीतून चाललात, की खोलीभर पसरलेल्या लहरींत खळबळ होते. पूर्वी इंजिनिअर लोक या खळबळीला शिव्या द्यायचे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की प्रत्येकाच्या चालण्यानं होणारी खळबळ वेगळी असते. पाऊल किती लांब पडतं, हात कसे हलतात, खांदे किती डोलतात. जिन्यावरच्या पावलांच्या आवाजावरून आई ओळखते ना, कोणतं पोर वर येतंय ते? तसंच. फक्त इथे ओळखायला कान नाहीत, लहरी आहेत.

तर राउटरच्या जागी ही पांढरी डबी आली. घरातल्या प्रत्येकानं एकदा तिच्यासमोर चालून दाखवायचं. ती चाल शिकते. मग घरचा माणूस जिथे बसेल तिथे ती नेटचा झोत नेमका सोडते. इमारतीत इतकी घरं, इतकी यंत्रं, सगळ्यांना पुरवायचं तर असं मोजूनमापूनच द्यावं लागतं. पाहुण्याला उरलंसुरलं. त्यात फोनवर बोलणं निभतं, फळा आणि वर्ग निभत नाही. आणि घरात पाऊल टाकलं, की खिशातला फोनही त्याच डबीच्या ताब्यात जातो, त्यामुळे पळवाट नाही.

हे सगळं श्रीनिवासनंच शुभदाला समजावून सांगितलं होतं, हातवारे करत, खडूनं फळ्यावर लाटा काढत. तिनं विचारलं होतं, "मग बिघाड कुठंय?" त्यावर त्यानं फळा पुसून टाकला होता.

मग त्या दोघांनी ते सगळं केलं, जे अशा वेळी प्रत्येक घरात होतं. डबी फ्रीजवरून काढून शोकेसवर ठेवली. शोकेसमधली पितळी भांडी काढली, कारण धातू लहरी परतवतो. पाण्याचं पिंप आत हलवलं, कारण पाणी लहरी पितं. आरशाचं कपाट फिरवलं. वरच्या मजल्यावरच्यांना विचारलं, खालच्या बिडवेकाकूंना विचारलं, सगळ्यांचं नेट झकास चाललं होतं. शेवटी शुभदानं देवाच्या फोटोमागची लुकलुकणारी दिव्यांची माळसुद्धा काढून ठेवली, आणि श्रीनिवास म्हणाला, "आता मलाच काढ घरातून, म्हणजे नेट येईल."

दोघं खूप हसले. पुढं तिला ते हसणं आठवलं तेव्हा बरं वाटलं नाही.

शनिवारी इरफान आला. नेट कंपनीचा माणूस, मोजकं बोलणारा. त्यानं डबी उघडली, यंत्र लावलं, श्रीनिवासला हॉलमधून एकदा चालायला लावलं. डबीवर लगेच हिरवा दिवा लागला.

"सरांना तर ओळखतेय. डबीत काही दोष नाही, मॅडम."

"दुपारी बिघडते ती," शुभदा म्हणाली.

"दुपारी घरात कोण असतं?"

"हेच. एकटे."

इरफाननं मान हलवली. "तुमच्या फोनवर सूचना बंद ठेवल्यात. चालू करून देऊ? कोण आलं, कोण गेलं, कळतं. एखादी सूचना बिघाड दाखवेल."

सूचना शुभदानंच बंद केल्या होत्या. बिडवेकाकू साखर मागायला आल्या तरी फोन वाजायचा, म्हणून. आता तिनं त्या चालू करून घेतल्या. शनिवारी तिला दुपारपुरतं अर्धा दिवस काम असायचं. इरफान गेला आणि तीही ऑफिसला गेली.

ती खुर्चीवर टेकते न टेकते तोच फोन वाजला.

"श्रीनिवास बाहेर गेले."

गेले असतील, दूध आणायला. तिनं फोन उलटा ठेवला. तो परत वाजला.

"अनोळखी व्यक्ती घरात आहे."

घराला कुलूप न लावता हा माणूस गेला की काय? तिनं ताबडतोब फोन लावला.

"कुठं आहात?"

"घरी. कुठं असणार? आणि नेट परत गेलंय बघ, तो इरफान आत्ताच तर..."

"घरी? मग घरात कोण आलंय?"

"कोण येणार? मी आहे."

"अहो, कोणीतरी आहे घरात. नीट बघा, आतल्या खोलीत बघा!"

त्याच्या चपलांचा आवाज तिला फोनवर ऐकू आला, दाराच्या कड्या ऐकू आल्या. "कुणी नाही गं. तुला काय झालंय?"

तिनं फोन ठेवला. शेजारच्या खुर्चीवरची रेखा सगळं ऐकत होती. रेखानं पेन खाली ठेवलं आणि डोळे बारीक केले. "नवरा म्हणतो मी घरात, डबी म्हणते नवरा बाहेर आणि घरात दुसरंच कुणी. शुभदा, या वयात पुरुषांचं काही सांगता येत नाही हं."

"चल, काहीतरीच!" शुभदा म्हणाली आणि हसली. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्यानंतर आलेल्या एका शेतकऱ्याला तिनं दुसऱ्याच फीडरचा, म्हणजे वीजवाहिनीचा नंबर सांगितला, आणि तो बिचारा उन्हातून परत आला तेव्हा तिला फार लाज वाटली.

घरी जाताना ती आधी बिडवेकाकूंकडे थांबली. काकू दुपारभर दार उघडं टाकून जिन्यासमोरच्या पॅसेजमध्ये वाटाणे सोलत, नाहीतर लसूण निवडत बसायच्या. त्यांच्या नजरेतून कुणीही सुटायचं नाही.

"काकू, आमच्याकडं कुणी आलं होतं का दुपारी?"

"तो नेटवाला आला, गेला. मग कुणी नाही. का गं?"

"आणि हे बाहेर गेले होते?"

"श्रीनिवास? नाही बाई. दार वाजलंसुद्धा नाही. दुपारी तो हल्ली बाहेर पडतच नाही." काकूंनी तिच्याकडे निरखून बघितलं. "भांडलात का?"

"नाही हो," शुभदा म्हणाली. आणि वर जाऊन ती भांडली.

भांडण कशावरून होतं हे दोघांनाही धड सांगता आलं नसतं. ती म्हणाली, सरळ सांगा कोण येतं. तो म्हणाला, कुणीच येत नाही तर सांगू काय. ती म्हणाली, डबीला खोटं बोलायचं कारण काय. त्यावर तो एकदम लाल झाला. "आणि मला आहे? इतक्या वर्षांत मी तुझ्याशी कधी खोटं बोललो?"

शुभदाला एकही प्रसंग आठवेना. तिला राग आला तो त्याचाच. आठवला असता तर सोपं झालं असतं.

"हे बघ," तो खुर्चीत बसून जरा शांत झाला. "डबी बसवली कधी? वास्तुशांतीच्या दिवशी. बरोबर? गुरुजी आत होम मांडतायत, आणि कंपनीचा माणूस म्हणतोय आत्ताच नोंद करा, नाहीतर पुढच्या महिन्यात. मी सोवळ्यात होतो. अनवाणी, कडक रेशमी सोवळं, पायात अडकणारं. डबी ती चाल शिकलीय! आता पायजमा आणि चपला बघितल्या की तिचा गोंधळ होतो."

शुभदानं कपाळाला हात लावला. बरोबरच की! होमाच्या धुरात, उपरणं सावरत हा माणूस हॉलमधून चालला होता आणि आत्याबाई मागून ओरडत होत्या, "कुणाला शिवू नकोस!" असला गाढवपणा आपल्याशिवाय कोण करणार? तिच्या छातीवरचा दगड उतरला. तिनं त्या आनंदात शिरा केला.

रविवारी सकाळी प्रयोग झाला. ट्रंकेतून सोवळं निघालं, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट. श्रीनिवास आधी पायजम्यात आणि चपलेत चालला. शुभदा फोन घेऊन सोफ्यावर बसली होती, परीक्षकासारखी. डबीनं हिरवा दिवा लावला. "श्रीनिवास घरात आहेत."

"हं," तो म्हणाला. "आता सोवळं." तो आत गेला, सोवळं नेसून आला आणि परत चालला. ताठ, एकेक पाऊल उचलून, हात पुढे-मागे हलवत. ओठ काहीतरी पुटपुटत होते. शुभदाला हसू आवरेना. "अहो, संचलन चाललंय का? स्तोत्र म्हणताय का काय?"

डबीनं परत हिरवा दिवा लावला. "श्रीनिवास घरात आहेत."

नेमक्या त्याच वेळी बिडवेकाकू साखरेची वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं बाई! आज काय आहे? आम्हाला नाही बोलावलंत?"

काकूंना समजावण्यात बराच वेळ गेला. त्या गेल्यावर शुभदा म्हणाली, "म्हणजे सोवळ्यातही ओळखते आणि पायजम्यातही ओळखते. मग दुपारी घरात कोण असतं?"

श्रीनिवास सोवळ्याचा काठ बोटांत धरून उभा होता. तो खिडकीकडे गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. शुभदाला वाटलं, रागावला. तिनंही मग बोलणं टाकलं. त्या दिवशी दोघं जेवले ते ताटाकडे बघत.

रात्रभर तिला नीट झोप लागली नाही. बाई असेल का? मग काकूंना दिसली कशी नाही? चोर? चोर रोज येऊन काहीच नेत नाही? डबी बिघडली म्हणावं तर इरफान म्हणतो दोष नाही. नवरा खोटं बोलतोय म्हणावं तर त्याचा चेहरा खोट्याचा नाही. तक्रार कक्षात असं कधीच व्हायचं नाही. तिथे शेवटी कुठेतरी एक तार तुटलेली सापडायचीच.

सोमवार उजाडला. श्रीनिवासचा वर्ग आज टिकला तर टिकला. निघताना तिनं त्याच्याकडे बघितलं. तो दारापर्यंत सोडायला आला, व्यवस्थित, रोजच्यासारखा.

"आज जमेल ना?" तिनं विचारलं.

"बघू," तो म्हणाला. एवढंच.

दुपारी फोन वाजला तेव्हा ती वाटच बघत होती. "श्रीनिवास बाहेर गेले." आणि मागोमाग, "अनोळखी व्यक्ती घरात आहे."

या वेळी तिनं फोन केला नाही. रेखाला म्हणाली, माझं बघ जरा, आणि स्कूटर काढली. रस्त्यात तिनं मनाशी सगळं बोलून घेतलं. बाई असेल तर काय बोलायचं, पुरुष असेल तर काय. खाली काकू लसूण निवडत होत्या. तिनं खुणेनंच विचारलं. काकूंनी मान हलवली, कुणी नाही.

तिनं आवाज न करता किल्ली फिरवली.

हॉलमध्ये कॉम्प्युटर चालू होता आणि त्यावर मुलांचे चेहरे अर्धवट हलून थांबत होते. आवाज तुटक येत होता. "सर... दिस... सर..." आणि स्वयंपाकघरातून एक माणूस हातात पाण्याचा पेला घेऊन येत होता. पुढे वाकलेला, उजवा पाय फरशीवरून ओढत. उजवा हात अंगाला चिकटलेला, जणू तो त्याचा नव्हेच. पावलं इतकी लहान, की स्वयंपाकघराच्या दारापासून कॉम्प्युटरपर्यंत यायला त्याला एवढा वेळ लागेल असं तिला वाटलंच नसतं. डाव्या हातातलं पाणी हिंदकळून शर्टावर सांडत होतं, आणि तो ते पुसतही नव्हता.

शुभदाला क्षणभर खरोखरच कळलं नाही, हा कोण. कुणाचे तरी म्हातारे वडील घरात शिरलेत असं वाटलं. तिच्या तोंडून "कोण?" असं निघालंसुद्धा.

त्या माणसानं वर बघितलं. तिला पाहिलं आणि पेला टेबलावर ठेवला. पाठ ताठ केली, खांदे मागे घेतले. ओठ हलू लागले. मग तो तिच्याकडे चालत आला, नीट, पाऊल उचलून, दोन्ही हात हलवत, आणि श्रीनिवास झाला.

तिच्या हातातला फोन वाजला. "अनोळखी व्यक्ती बाहेर गेली. श्रीनिवास घरी आले."

कॉम्प्युटरवरचं चित्र झटक्यात साफ झालं. "सर आले! दिसायला लागलं, सर!"

"एक मिनिट, मुलांनो," श्रीनिवास तिकडे वळून म्हणाला आणि त्यानं इकडचा आवाज बंद केला.

शुभदा दारातच उभी होती. पर्स खांद्यावरून घसरून खाली पडली, ती तिनं उचलली नाही.

"कधीपासून?"

"पावसाळ्याच्या आसपास सुरू झालं. आधी फक्त हात. मग पाय."

"आणि मला दिसलं कसं नाही? एका घरात राहते मी!"

"तू असताना होऊ देत नव्हतो." तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "लक्ष देऊन चाललं की जमतं. मनात एक-दोन, एक-दोन म्हणायचं. प्रत्येक पाऊल मुद्दाम उचलायचं, हात मुद्दाम हलवायचा. तुझ्यासमोर तसाच चालतो. पण दिवसभर नाही जमत गं. तू गेलीस, की सोडून देतो."

"आणि डबी?"

"शपथेवर सांगतो, डबीचं काल कळलं. काल तू समोर बसलेली, मी मोजत चाललो, आणि तिनं ओळखलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तिला ठाऊक आहे तो पूर्वीचा मी. आताचा मी तिला ठाऊक नाही." तो हसायला गेला आणि ते त्याला जमलं नाही. "इतके दिवस बिघाड शोधतोय घरभर. पितळी भांडी काढली, पिंप हलवलं."

शुभदाला एकाच वेळी रडू आलं आणि संताप आला, आणि दोन्हीत आधी कशाला वाट द्यावी हे तिला कळेना. "बाई आणलीय म्हणून संशय घेतला मी तुमच्यावर! काल दिवसभर बोलले नाही! अहो, तोंड नव्हतं का सांगायला?"

"दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून येतेस. म्हटलं, घरी आणखी एक कशाला."

यावर मात्र ती रडली. भिंतीला टेकून, पदर तोंडाला लावून, मोठ्यानं. तो तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, आणि तिला त्या हाताची थरथर पहिल्यांदा जाणवली. इतके महिने त्यानं हा हात तिच्यापासून लांब ठेवला होता, आणि ती समजत होती, वय झालं, तर असंच होतं.

कॉम्प्युटरवर मुलं कुजबुजत होती. कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "सर, येताय ना?"

"दगडे सरांचा माणूस बघतोय वर्ग," श्रीनिवास खालच्या आवाजात म्हणाला. "आज अडकलं तर संपलं. जातो मी. संध्याकाळी बोलू."

त्यानं श्वास घेतला, पाठ सरळ केली. ओठ हलायला लागले. पाऊल उचलणार तोच शुभदानं त्याचा दंड धरला.

"तसं नको."

"काय?"

"मघाशी चालत होतात, तसं चाला."

"वेडी आहेस का? नेट जाईल."

"जाऊ द्या."

"अगं, वर्ग जाईल!"

"दगडे सरांशी मी बोलते. सरांना बरं नाही, दोन दिवस द्या म्हणते. उद्या मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊ, मग इरफानला बोलावू, डबीला तुमची ही चाल शिकवायला सांगू. सगळं करू. पण डबीच्या आधी मला कळायला पाहिजे होतं, श्रीनिवास." तिनं आयुष्यात पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारली, आणि ती मारली हे तिच्या लक्षातही आलं नाही. "मला बघू द्या. मी घरात नाही असं समजा, आणि चाला."

श्रीनिवासच्या कपाळावर घाम आला होता. मग त्याचे खांदे हळूहळू खाली आले. पाठ वाकली. उजवा हात अंगाशी जाऊन चिकटला. ओठ थांबले.

तो निघाला. पाय फरशीवरून ओढत, लहान लहान पावलं टाकत, हॉलच्या या टोकापासून त्या टोकाकडे. शुभदा बघत होती. नजर काढून घ्यावीशी वाटत होती तरी ती बघत होती. त्याचा पाय कुठे अडकतो, वळताना तो कशाला धरतो, खांदा किती कलतो. टेबलापाशी तो थांबला, तोल सावरला आणि वळून तिच्याकडे बघितलं. इतका अवघडलेला तो तिला लग्नाच्या मांडवातही दिसला नव्हता.

"हा मी," तो म्हणाला.

तिच्या हातात फोन वाजला. कॉम्प्युटरवर मुलांचे चेहरे थरथरले आणि थांबले, एकाचं तोंड उघडंच राहिलं. नेट गेलं होतं.

शुभदानं फोन न बघताच सोफ्यावर टाकला आणि ती त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"परत एकदा," ती म्हणाली. "आता माझ्याबरोबर. हळू."